दोन शेराला एक पैसा : बडोद्याच्या विद्यार्थी मंडळाची गोष्ट

श्रावण लागला की फतेगंजात मंडळाच्या बैठका सुरू होतात. वर्गणीची पावती-पुस्तके छापून येतात, मखर कसे करायचे यावर दोन तट पडतात, आणि नाटकाच्या तालमीला जागा कोणाची हा प्रश्न दरवर्षीप्रमाणे शेवटच्या आठवड्यापर्यंत लोंबकळत राहतो. अलीकडच्या काही वर्षांत या बैठकांना एक नवा विषय जोडला गेला आहे. अकरावी-बारावीतल्या मुलामुलींचे आईवडील चिटणिसांना गाठतात आणि म्हणतात, "काका, आमच्या मुलाने दहा दिवस प्रसादाच्या पंगतीत वाढले आहे. एक सर्टिफिकेट मिळेल का? किती तास काम केले तेही लिहा हं." परदेशातल्या कॉलेजांच्या अर्जात अभ्यासाखेरीज काय केले, समाजासाठी काय केले, असे रकाने असतात. ते भरायचे असतात. दुसऱ्या टोकाला असेही पालक आहेत, जे नववी संपली की मुलाला मंडळातून काढूनच घेतात. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री टेस्ट. आरतीला दहा मिनिटे आला तरी पुष्कळ.

या दोन्ही प्रकारच्या पालकांना आम्ही नावे ठेवत नाही, कारण आम्ही सगळे त्यांच्यातलेच आहोत. पण यंदा यावरून बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. ज्येष्ठांचे म्हणणे, तास मोजून केलेली ती सेवा कसली? तरुण पालकांचे म्हणणे, मूल येते आहे, काम करते आहे, मग कागद द्यायला तुमचे काय जाते? वाद मिटला नाही. मात्र बोलता बोलता विनोबांचे नाव निघाले, आणि लक्षात आले की आपल्यापैकी बहुतेकांना विनोबा बडोद्यात वाढले एवढेच ठाऊक आहे. या शहरात शाळेत आणि कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी अभ्यासाबाहेर काय काय केले, हे आपल्या मुलांना सोडाच, आपल्यालाही नीट माहीत नव्हते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ती हकीकत लिहून काढण्याचे आम्ही ठरवले.

त्या वेळचे बडोदे आधी डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आपले फतेगंज म्हणजे तेव्हा शहराबाहेरचा कॅम्प, इंग्रजी पलटणीची छावणी. खरे गाव मांडवीच्या चार बाजूंना पसरलेले. सूरसागर, रावपुरा, दांडिया बाजार ही मराठी माणसांची वस्ती. सयाजीराव महाराजांनी अमरेली महालात १८९३ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी असे विधेयक मांडले ते १९११ साली, आणि तेही मंजूर झाले नाही. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि पुस्तके पेट्यांत भरून खेडोपाडी जाऊ लागली. खेड्यांतल्या वाचनालयांसाठी मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने आयुष्य वेचले. त्यांची मित्रमंडळ पुस्तकालये गुजराती घरांत आजही आदराने आठवली जातात. साहित्य संमेलन पुण्याबाहेर पडून बडोद्याला आले ते १९०९ साली, डॉ. कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली.

हवेत आणखीही काही होते. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्यात होते आणि कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने गंगनाथ विद्यालय नावाची राष्ट्रीय शाळा येथे चालत होती. त्या शाळेत शिक्षकांना 'सर' म्हणायची पद्धत नव्हती. घरातल्यासारखी नाती लावलेली असत. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथेच 'काका' झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा'. पुढे सगळा देश त्यांना काका कालेलकर आणि मामा फडके म्हणून ओळखू लागला, पण ही नावे बडोद्याची. सरकारी दडपण आले आणि १९११ च्या सुमारास शाळा बंद पडली.

अशा गावात १९०५ च्या सुमारास, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावाहून एक दहा वर्षांचा मुलगा आला. विनायक नरहर भावे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. वडील नरहरपंत बडोद्यात नोकरीला होते. रंगकामाचे जाणकार, शिस्तीचे कडक, घरातही कापडाच्या तुकड्यांवर रंगांचे प्रयोग करणारे. आई रुक्मिणीबाई, ती त्याला 'विन्या' म्हणे. आम्हीही या लेखात त्याला काही काळ विन्याच म्हणू. आचार्य विनोबा म्हटले की पांढरी दाढी डोळ्यांपुढे येते, आणि हा मुलगा दिसेनासा होतो.

विन्या हुशार होता, गणितात विशेष. शाळेत दुसरी भाषा कोणती घ्यायची यावर घरात दोन मते होती. आईला वाटे संस्कृत घ्यावे, वडिलांना वाटे फ्रेंच. शाळेत फ्रेंच घेतले गेले. संस्कृतचा अभ्यास त्याने पुढे स्वतःच्या बळावर केला. आजच्या पालकांना हा प्रसंग फार परका वाटू नये. सायन्स की कॉमर्स यावरून घरोघरी जे चालते, त्याचाच तो जुना अवतार आहे.

पण त्याचे खरे वेड शाळेबाहेरचे. एक वेड भटकण्याचे. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, अनवाणी पायांनी हा मुलगा बडोदे आणि आसपासचा मुलूख पालथा घालत असे. रघुनाथ धोत्रे हा मित्र संध्याकाळी दाराशी येऊन हाक मारी आणि दोघे चालायला निघत. चालता चालता चर्चा, चर्चेत भांडण, भांडता भांडता आणखी दोन मैल. दुसरे वेड वाचण्याचे. मध्यवर्ती ग्रंथालयाने या मुलांची मोठीच सोय करून ठेवली होती. तिथली एक आठवण विनोबांनी पुढे सांगितली आहे. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून हा अंगातला सदरा काढून उघड्या अंगाने वाचत बसला. बडोद्याचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे, त्यामुळे यात आम्हाला तरी काही गैर दिसत नाही. ग्रंथालयातल्या कोणी हटकले, याने उलट उत्तर दिले, आणि प्रकरण वरच्या गोऱ्या साहेबाकडे गेले. साहेब खुर्चीत बसलेला, मुलगा समोर उभा. साहेबाने विचारले, सभ्यता कशाला म्हणतात ते तुला कळते का? मुलगा म्हणाला, आमच्याकडे समोरच्याला उभे ठेवून आपण बसून बोलणे असभ्य समजतात. साहेब रागावला नाही. त्याने खुर्ची दिली आणि तू काय वाचतोस याची चौकशी केली. मुलाच्या धिटाईचे कौतुक सगळेच करतात. आम्हाला त्या साहेबाचेही करावेसे वाटते.

शाळेतली दुसरी गोष्ट शिवजयंतीची. मुलांना उत्सव करायचा होता, पण त्या दिवशी सुट्टी नव्हती. विन्याचे म्हणणे पडले की शिवाजी महाराजांची आठवण चार भिंतींत काढण्यात अर्थ नाही, ती मोकळ्या रानातच काढली पाहिजे. मग तास कोणता बुडवायचा? इतिहासाचा, कारण शिवाजी महाराज इतिहासातच येतात! सगळी मंडळी गावाबाहेर गेली, भाषणे झाली, आणि परतताना उद्या काय होणार याचा विचार सुरू झाला. दंड होणार हे उघड होते. तेव्हा प्रत्येकाने दंडाचे पैसे आधीच खिशात घालून यायचे असे ठरले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारले, उत्सव शाळेत करता आला नसता का? गुलामीच्या जागेत शिवाजी महाराजांची आठवण कशी काढणार, असे उत्तर मिळाले. दंड जाहीर होताच मुलांनी एकेक करून नाणी मेजावर ठेवली. ही गोष्ट मुलांना सांगावी की नाही, यावर आमच्यातल्या दोन निवृत्त शिक्षकांचे एकमत झाले नाही. आम्ही छापत आहोत. तास बुडवायचा तर दंड आपल्या खिशातून भरायचा, एवढी अट मुलांनी मान्य करावी.

विन्या १९१३ साली मॅट्रिक झाला आणि बडोदे कॉलेजात गेला. आज आर्ट्स फॅकल्टीचा मोठा घुमट दिसतो, तीच ती इमारत. फतेगंजातल्या आपल्यापैकी कित्येकांनी तिच्या पायऱ्यांवर पदवीचे फोटो काढले आहेत. कॉलेजच्या या दिवसांत, १९१४ साली, या मित्रांनी 'विद्यार्थी मंडळ' काढले. सभासद दहा-पंधरा. रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे, गोपाळराव काळे, बेडेकर, तगारे ही त्यांतली काही नावे. शिवजयंती, दासनवमी, गणेशोत्सव असे उत्सव करायचे, ठरलेल्या दिवशी जमून एखाद्या विषयावर बोलायचे, आणि एक ग्रंथसंग्रह उभा करायचा, असा कार्यक्रम.

आपल्या मंडळाच्या घटनेत उद्दिष्टांची बावीस कलमे आहेत, त्या मानाने हे फारच थोडके. पण त्यातला ग्रंथसंग्रह पाहा. चरित्रे, प्रवासवर्णने, इतिहास, विज्ञान अशी मिळून सुमारे १६०० पुस्तके या मुलांनी जमवली. मध्यवर्ती ग्रंथालय गावात असताना! सरकारी ग्रंथालयात पुस्तक मिळते, मग आपण कशाला जमवायचे, असे त्यांना वाटले नाही. आपले पुस्तक, आपली वही, कोणी काय नेले याची नोंद आपल्याच हाताची, यात काही वेगळे समाधान असले पाहिजे. विनायकाने मंडळात मॅझिनीवर दिलेले व्याख्यान मित्रांच्या पुढे अनेक वर्षे लक्षात राहिले. मॅझिनी हा त्या काळात साधा विषय नव्हता. सावरकरांनी लिहिलेले मॅझिनीचे मराठी पुस्तक १९०७ साली निघाले आणि सरकारने ते जप्त केले होते. त्याच विषयावर संस्थानी मुलुखातली विशीच्या आतबाहेरची पोरे आपापसांत भाषणे करत होती.

मंडळाचा हेतू मातृभाषेचा प्रसार हाही होता, असे विनोबांनी नंतर लिहिले आहे. यावर जरा थांबावेसे वाटते. गुजरातीभाषी मुलुखात, मराठी राजाच्या राज्यात, इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना आपल्या भाषेसाठी काही करावे असे वाटले. तेव्हा मराठी ही बडोद्यात दरबाराची आणि प्रतिष्ठेची भाषा होती. आज आपली मुले घरी मराठी, मित्रांत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि भांडताना हिंदी बोलतात. त्यांना देवनागरी वाचता येते, पण मराठी पुस्तक हाती दिले तर दुसऱ्या पानावर ती फोनकडे वळतात. बडोद्यातल्या मराठीला राजाश्रय होता तेव्हा तिच्यासाठी मंडळ निघाले, आणि आता आपण वर्षातून दहा दिवस नाटक आणि आरत्या यांवर भागवतो. हे आम्ही स्वतःलाच उद्देशून लिहीत आहोत.

या सगळ्या हकीकतीत एक नाव सभासदांच्या यादीत नाही, पण आमच्या मते ते पहिले असायला हवे. ते रुक्मिणीबाईंचे. शेजारची बाई गावाला गेली की तिच्या घरचा स्वयंपाक या करून देत. पण आधी आपल्या घरचा आटपून मग. विन्याने एकदा विचारले, आई, हा स्वार्थ नाही का? आधी आपले, मग त्यांचे? आई म्हणाली, अरे, त्यांचे आधी केले तर जेवायच्या वेळेपर्यंत गार होईल. नंतर केले म्हणजे त्यांना गरम मिळते. त्यांच्या घरी एक गरीब विद्यार्थी जेवायला असे. शिळे उरले तर ते आई स्वतः खाई किंवा विन्याला देई, त्या परक्या मुलाला कधी नाही. विन्याने यावरही वाद घातला, की तू सर्वांना सारखे मानतेस ना, मग हा भेद का? तिने कबूल केले की तुझ्यात माझा जीव गुंतला आहे म्हणून तू मला मुलगाच दिसतोस, आणि त्या मुलात देव दिसतो. ज्या दिवशी तुझ्यातही देव दिसेल त्या दिवशी भेद राहणार नाही. समाजसेवेचा पहिला धडा असा स्वयंपाकघरात झाला. पुढे या आईला संस्कृत गीता कळत नाही म्हणून मराठीत गीता हवी होती. त्या इच्छेतून 'गीताई' झाली, १९३०-३१ साली. ती मात्र आईला वाचायला मिळाली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बडोद्यातच तिचा अंत झाला.

जाता जाता एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. विद्यार्थी मंडळाच्या ज्या सभासदांची नावे आपल्यापर्यंत आली आहेत, ती सगळी मुलांची आहेत. त्या काळात मुलींच्या शाळा बडोद्यात होत्या, महाराणी चिमणाबाई स्त्रीशिक्षणासाठी झटत होत्या, आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले. पण संध्याकाळी चालायला जाणे, रानात उत्सव करणे, हे मुलींच्या वाट्याला नव्हते. आज आमच्या मंडळात रांगोळीपासून हिशेबापर्यंत मुलीच पुढे असतात, आणि वीज गेली तर जनरेटरकडेही त्याच धावतात.

आता प्रशस्तिपत्रांची गोष्ट. एके दिवशी आईने पाहिले, विन्या चुलीपाशी बसून कागद गुंडाळून जाळतो आहे. काय जाळतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, मॅट्रिकची वगैरे सर्टिफिकेटे. ती म्हणाली, आज लागत नसतील, पण राहिली असती तर काय बिघडले असते? तो म्हणाला, मला ती कधीच लागणार नाहीत. बैठकीत हा प्रसंग सांगितला गेला तेव्हा ज्येष्ठांच्या बाजूने टाळी पडली. आम्हाला मात्र आईचा प्रश्नही तितकाच रास्त वाटतो. सगळ्यांनी कागद जाळायचे नसतात. ज्याला नोकरी करून घर चालवायचे आहे, परदेशी शिकायला जायचे आहे, त्याने कागद जपूनच ठेवावेत. त्या मुलाचा बेत मुळात वेगळा होता. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला (बडोदे कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते), सुरतेला उतरला, आणि भुसावळच्या वाटेने काशीला निघून गेला. बेडेकर आणि तगारे हे मंडळातले दोन मित्र बरोबर होते. बेडेकर काशीतच वारले; त्यांचे अंत्यसंस्कार विनोबांनी स्वतः गंगाकाठी केले. जूनमध्ये विनोबा अहमदाबादला कोचरब आश्रमात गांधीजींकडे आले.

इथपर्यंतची कथा चरित्रांत सर्वत्र आढळते. आम्हाला जी जास्त मोलाची वाटते ती पुढची, आणि ती हायस्कूलच्या मुलांचीच आहे. १९१७ साली विनोबांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली आणि ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकायला गेले. रजेत काय काय केले याचा हिशेब त्यांनी १० फेब्रुवारी १९१८ च्या पत्रात गांधीजींना कळवला. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे वाचली. सहा जणांना गीता शिकवली. राजगड, सिंहगड, तोरणा पाहत सुमारे चारशे मैल पायी हिंडलो. असे बरेच काही. त्यात वाईच्या एका संस्थेचे वर्णन आहे. नाव पुन्हा तेच, 'विद्यार्थी मंडळ'. या मंडळाने वाचनालय काढले, आणि त्याला पैसे हवेत म्हणून दळणाचा वर्ग सुरू केला. विनोबा आणि आणखी पंधरा विद्यार्थी जात्यावर बसत. जे लोक गिरणीत दळण नेत, त्यांचे दळण ही मुले आणत आणि दोन शेराला एक पैसा घेत. पैसा वाचनालयाला. चांगल्या घरची मुलेही यात आली. जुन्या वळणाचे गाव वाई. हायस्कुलात जाणारी ब्राह्मणांची पोरे बायकांसारखी जाते ओढताहेत, म्हणजे ही वेडी झाली, असे सगळ्यांना वाटले. वर्ग दोनेक महिने चालला. वाचनालयात चारशे पुस्तके झाली.

या पैशाचा हिशेब आम्ही करून पाहिला. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला १२८ शेर, तीन मण आठ शेर धान्य दळावे लागे. शेराचे माप गावोगाव थोडे निराळे असे, तरी आजच्या हिशेबाने अंदाजे १२० किलो. ज्यांनी लहानपणी आजीला जाते ओढताना पाहिले आहे, त्यांना एक पायली दळताना खांद्यांचे काय होते ते सांगायला नको. चारशे पुस्तके केवळ या पैशांत आली नसतील, हे उघड आहे. काही देणगीदारही पुढे आले असतील. पण सोळा मुलगे रोज जात्यावर बसतात, ही गोष्ट पाहून एखाद्याने घरचे पुस्तक आणून दिले असेल तर तेही दळणाचेच म्हटले पाहिजे. आणि काम बायकांचे आहे म्हणून लोक हसले, याचा या मुलांवर काही परिणाम झालेला दिसत नाही.

त्याच पत्रात बडोद्याच्या मंडळाचाही उल्लेख आहे. विनोबा त्याच्या वार्षिक उत्सवाला आले होते. म्हणजे संस्थापक निघून गेल्यावरही मंडळ चालू होते. आपल्यापैकी ज्यांनी मंडळे चालवली आहेत त्यांना याची किंमत कळेल. उत्साही चिटणीस बदलून सुरतेला गेला की तीन महिन्यांत कपाटाची किल्ली सापडत नाही, असा आपला अनुभव. येथे मित्रांनी ते चालवले, आणि त्यांतले बरेच जण पुढे विनोबांच्या मागोमाग गेले. रघुनाथ श्रीधर धोत्रे गांधी सेवा संघाचे मंत्री झाले. बाबाजी मोघे, गोपाळराव काळे यांनी वर्ध्याकडच्या कामाला वाहून घेतले. घरातले दोन धाकटे भाऊही त्याच वाटेने गेले. बाळकोबांनी उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे काम उभे केले, शिवाजीराव ज्ञानेश्वरीचे अभ्यासक झाले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाली आणि विनोबा देशभर पायी हिंडू लागले, तेव्हा धोत्र्यांना दारातली ती संध्याकाळची हाक आठवली असेल का, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

बडोद्यातल्या त्या पिढीची सगळीच मुले पुस्तकांत रमणारी नव्हती, हेही सांगायला हवे. पुष्कळ जण जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात घाम गाळत. उस्ताद जुम्मादादा मुसलमान, त्यांची गादी चालवली राजरत्न प्रो. माणिकराव यांनी. शेकडो मुलांनी एका तालावर करायचा सांघिक व्यायाम आणि त्याचे हिंदी हुकूम, ही माणिकरावांची देशाला देणगी. हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' याच बडोद्यात तयार झाला. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातला एखादा खंड असेल, त्यांनी तो रद्दीत देऊ नये, ही विनंती.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टींना सरकारी चौकट मिळाली. एन.सी.सी. १९४८ ची. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. आमच्यातल्या साठीच्या पुढच्या काही जणांनी तिच्या शिबिरांत खेड्यात रस्ते खणले आहेत. त्यांनाही प्रमाणपत्रे मिळाली होती, आणि त्यांपैकी एकाने ते प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावले आहे. तास तेव्हाही मोजले जातच होते. हे बैठकीत त्यांच्या तोंडून उशिरा बाहेर पडले, पण पडले.

आणि आजची मुले काही करत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री फुगली, नदीतल्या मगरी वस्त्यांत आल्या, घरांत पाणी शिरले, आणि दहा-बारा दिवसांवर गणेशचतुर्थी होती. त्या आठवड्यात आपल्या भागातल्या मुलांनी वरच्या मजल्यांवर दूध आणि पाणी पोहोचवले, म्हाताऱ्यांची औषधे आणून दिली, पाणी उतरल्यावर चिखल काढला. सर्टिफिकेट कोणी मागितले नाही, आणि द्यायचे आम्हालाही सुचले नाही. त्यांतला एक मुलगा यंदा बारावीला आहे. त्याच्या आईने परवा विचारले, त्या पुराचे आता लिहून देता येईल का? आम्ही लिहून दिले. खरे होते ते.

बैठकीचा निर्णय शेवटी असा झाला. मंडळ पत्र देईल, पण तासांचे नाही. काय काम केले ते मराठीत, चार-सहा ओळींत, आणि ते मुलाने स्वतः लिहून आणायचे, आम्ही तपासून सही करू. इंग्रजी भाषांतर ज्याचे त्याने करून घ्यावे. दुसरे, सभागृहामागच्या खोलीत मंडळाची दोन कपाटे मराठी पुस्तकांनी भरलेली आहेत. त्यांची यादी कित्येक वर्षांत झालेली नाही. नववीतल्या दोन मुलींनी आणि एका मुलाने ती करायला घेतली आहे. लिपी त्यांना येते, पण जुन्या पुस्तकांवरचे मोडीतले शिक्के वाचता येत नाहीत. ज्येष्ठांपैकी ज्यांना मोडी येते त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता यावे. कपाटाची किल्ली चिटणिसांकडे आहे, आणि चहाची व्यवस्था मंडळ करील.